बटणांसाठी लाईट

आमच्या खोलीत ओट्याच्या एका टोकाला शेगडी आणि दुसऱ्या टोकाला पाण्याचा माठ. मधली जागा भांडी निथळायला. त्या मधल्या जागेत मी काचेची टाकी आणून ठेवली तेव्हा मिस्टरांनी एवढंच विचारलं, “मग भांडी कुठे?” मी म्हटलं, खाली टोपलीत. ते गप्प बसले. मला सुटल्यासारखं झालं, कारण टाकीत काय आहे ते मला धड सांगता आलं नसतं.

टाकीत मासा नव्हता. एक मुठीएवढा दगड होता आणि त्यावर बटणं होती. खरीखुरी बटणं नाहीत, समुद्रातला जीव आहे तो, प्रवाळाच्या गोतातला. पण दिसतात शर्टाच्या बटणासारखी, मध्ये हिरवी आणि कडेला बारीक झालर. पाणी जरा हललं की मिटतात. मग आपण गप उभं राहायचं. त्यांना वाटलं की पुन्हा उघडतात.

मी अंधेरीला एमआयडीसीत एका ऑफिसात साफसफाईला आहे. तिथे रिसेप्शनला मोठी टाकी होती आणि साहेबांच्या केबिनबाहेर ही छोटी. काच बाहेरून पुसायची, आत हात घालायचा नाही, असं मला कामाला लागले तेव्हाच सांगितलं होतं. मोठी काच मी भराभर पुसायचे. छोटीला मात्र वेळ लावायचे. तिथे उभं राहिलं की कोणी काही विचारत नसे, हातात फडका असला म्हणजे झालं.

या उन्हाळ्यात ऑफिस दुसऱ्या इमारतीत हललं. मोठी टाकी कोणीतरी लाईटसकट विकत घेतली. छोटीचा लाईट नुकताच जळाला होता, ती कोणाला नको होती. टाक्या सांभाळायला एक माणूस यायचा, त्याला मी दादा म्हणते. तो म्हणाला, ताई, ही टाकून द्यायची आहे, दगडासकट, तुम्हाला पाहिजे का? मी मान हलवली. मग लगेच भीती वाटली की आपण हो का म्हटलं.

दादाने छोटा पंप दिला, मिठाची पिशवी दिली, फिल्टरच्या पाण्यात ते किती घालायचं ते दाखवलं. बटणांचा चीक विषारी असतो, हातमोजे घालूनच हात लावायचा आणि तो हात डोळ्याला न्यायचा नाही, हे त्याने दोनदा सांगितलं. आणि निघताना म्हणाला, “निळा लाईट लावा, ताई. साधा चालत नाही. लाईट हेच यांचं जेवण.”

दगड मी डब्यात घालून मेट्रोने आणला. सामान तपासायच्या मशीनपाशी बाईने विचारलं, डब्यात काय? मी म्हटलं, जेवण. तेवढं खोटं बोलताना माझे कान गरम झाले. टाकी नंतर दादाने त्याच्या ओळखीच्या टेम्पोतून पाठवली.

आता निळा लाईट. आमच्या घरात निळ्याला काय तोटा? एप्रिलात जयंतीला आमची विक्रोळीची गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत निळी असते. झेंडे निळे, कमान निळी, फोकस निळे. माझा दीर शेजारच्याच खोलीत राहतो आणि मंडळाचं लाईटिंग तोच बघतो. मी बिचकत बिचकत विचारलं तर तो हसायलाच लागला. म्हणाला, “वहिनी, निळा लाईट मागायला लाजतेस? माझा पोटमाळा भरलाय.” त्याच दिवशी तो एक जुना फोकस घेऊन आला. पत्र्याची चौकट, आत हॅलोजनचा बल्ब, पुढे निळा जिलेटीनचा कागद. कागद जुना झाला होता म्हणून त्याने नवा लावला, दुहेरी. भिंतीत खिळा ठोकून फोकस टाकीवर टांगला.

त्या संध्याकाळी आमची खोली बघायला गल्ली लोटली. सगळं निळं. भिंत निळी, भांडी निळी, दारातल्या बायकांचे चेहरे निळे. टाकीतलं पाणी तर असं दिसत होतं की मी पोळ्या लाटायचं विसरले. शेजारीण म्हणाली, तुझ्याकडे जयंती परत आली गं. दीर दारात उभा राहून सगळ्यांना सांगत होता, वहिनीने समुद्र आणलाय, भरती आली की उठवा आम्हाला. मिस्टरही हसले. मला वाटलं, जमलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर बटणं मिटलेली. मी गप उभी राहिले. उघडली नाहीत. टाकीच्या काचेला हात लावला तर काच कोमट लागली, आंघोळीच्या पाण्यासारखी. म्हटलं, उन्हाळा आहे. त्याच्या पुढच्या दिवशीही मिटलेली. हिरवा रंग मळकट व्हायला लागला होता आणि दगडावर शेंबडासारखं काहीतरी साचलं होतं. तरी मी फोकस चालूच ठेवत होते. जेवण आहे म्हटल्यावर बंद कसं करायचं? उलट लवकर लावायचे, उशिरा बंद करायचे. त्यांना पोटभर मिळावं म्हणून.

मग मिस्टरांना शॉक लागला.

ते कामावरून येऊन पाणी प्यायला माठापाशी वाकले. कोपर फोकसच्या चौकटीला लागलं. खाऱ्या पाण्याचे शिंतोडे उडून चौकटीवर पांढरं मीठ धरलं होतं, ते मी रोज बघत होते आणि पुसू पुसू म्हणत होते. पेला खाली पडला. ते मागे फेकल्यासारखे कॉटवर जाऊन बसले आणि हात दाबत राहिले. मी प्लग ओढला. 

ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ज्या गोडाऊनमध्ये कामाला आहेत तिथे एक हमाल ओल्या शटरला चिकटून गेला होता, त्याला उचलायला हे होते. ते मला ठाऊक होतं. हाताला मुंग्या यायच्या थांबल्यावर ते म्हणाले, “रविवारी मी घरी आहे. तोवर याचं काय ते कर. नाहीतर मी मोरीत ओततो.”

फोकस खाली उतरवला. आता टाकीवर काहीच नव्हतं. आमच्या खोलीची खिडकी समोरच्या भिंतीला लागून आहे, तिथून दुपारीही उजेड येत नाही. म्हणजे बटणं उपाशी. आणि रविवार जवळ आला होता.

मला फोन करायला जमत नाही. समोरचा काय म्हणेल ते डोक्यात येत राहतं आणि मग मी फोन ठेवून देते. म्हणून मी दादाला फोटो पाठवला, टाकीचा एक आणि खाली ठेवलेल्या फोकसचा एक. त्याचाच फोन आला. त्याने विचारलं, हे काय लावलं होतं? मी म्हटलं, निळा लाईट.

 तो म्हणाला, “ताई, हा निळा कागद आहे. आत बल्ब पिवळा आहे. कागदाने लाईट खाल्ला आणि वरून गरमी सोडली. बटणांच्या वाट्याला काय आलं?”

मग त्याने समजावून सांगितलं. बटणांच्या अंगात शेवाळासारखं काहीतरी असतं, डोळ्याला न दिसणारं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यावर बटणं जगतात. त्याला निळा दिसणारा उजेड नको, दिव्यातूनच निघणारा निळा पाहिजे, आणि जोरात पाहिजे. तो गावाला निघाला होता, बसमध्ये होता, येऊ शकत नव्हता. घाटकोपरला दुकान आहे, तिथे जा म्हणाला. नुसती लाईटची पट्टी देतील, ती घेऊ नका. गुलाबी देतील, तो झाडपाल्याच्या टाकीचा. फार मोठा देतील, तोही घेऊ नका. पांढरा आणि निळा वेगवेगळा कमी-जास्त करता येतो असा छोटा बघा. मी सगळ्याला हो हो म्हटलं आणि फोन ठेवल्यावर परत परत तोंडात घोळवत राहिले, पट्टी नाही, गुलाबी नाही, मोठा नाही.

शनिवारी ऑफिस अर्धा दिवस असतं. सकाळीच मी दगडाच्या कडेचा एक सुटा तुकडा प्लास्टिकच्या डब्यात टाकीच्या पाण्यासकट घेतला. त्यावर थोडी बटणं होती, मिटलेली. दुकानात नुसतं बोलून आपल्याला काही पटवता येणार नाही, तुकडा समोर ठेवता येईल, असं मी मनाशी ठरवलं होतं. सगळा वेळ डबा पिशवीत सरळ राहतोय ना तेच बघत होते.

दुकान अरुंद होतं. दोन्ही बाजूला टाक्या, मध्ये सगळी पुरुष गिऱ्हाइकं. मी दाराशी उभी राहिले. एक गेला की दुसरा यायचा आणि माझ्या पुढे जायचा. दुकानदाराने शेवटी चष्म्याच्या वरून बघितलं आणि म्हणाला, “मावशी, साफसफाईला बाई आहे आमच्याकडे.”

मला परत फिरावंसं वाटलं. पण परत फिरून कुठे जायचं? घरी रविवार होता.

“लाईट पाहिजे,” मी म्हटलं. त्याला ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हटलं. त्याने विचारलं, कुठल्या साहेबांकडची टाकी आहे? मी म्हटलं, माझी आहे. आणि डबा काढून काउंटरवर ठेवला.

डबा बघून त्याचा आवाज बदलला. त्याने झाकण उघडलं, वाकून बघितलं, च्च केलं. मग खालून एक लांबट पट्टी काढली, त्या कोपऱ्यातली ट्यूब बंद केली आणि पट्टी डब्यावर धरली. मिटलेली बटणं हिरवीगार पेटली. खरंच पेटली, निखाऱ्यासारखी. शेजारचा माणूस म्हणाला, भारी. दुकानदार म्हणाला, “बघा, मावशी. स्वस्तात काम झालं.” आणि तो पट्टी खोक्यात घालायला लागला.

ती मला परवडत होती. हो म्हटलं असतं तर तिथल्या तिथे सुटले असते. पण आमच्या खोलीतली ती पहिली संध्याकाळ डोळ्यासमोर आली. तेव्हाही सगळे असेच भारी म्हणाले होते.

मी म्हटलं, “नको.”

“का? चमकतंय की.”

“चमकतंय, पण जगेल का?”

त्याने खोकं बाजूला सारलं. मग खरं ते बोलला. म्हणाला, पट्टी दिसायला असते, मासे असले तर ठीक, यांना नाही पुरणार. मग त्याने वर टांगलेला एक मोठा लाईट दाखवला, त्याला आत पंखा होता आणि मोबाईलवरून चालायचा. त्याची किंमत ऐकून मी डब्याचं झाकण लावायला घेतलं. लावता लावता विचारलं, पांढरा-निळा वेगळा होणारा छोटा नाही का? त्याने काउंटरखाली बराच वेळ खुडबुड केली आणि साबणाच्या डबीएवढा एक लाईट काढला. मागे वाकणारी मान, काठाला लावायचा चिमटा, बाजूला दोन नॉब. माझ्याकडचे पैसे त्याला पुरत होते.

“लावून दाखवा,” मी म्हटलं. आमच्याकडे साधा बल्ब घेतानाही दुकानातल्या होल्डरवर लावून बघतात, हा तर एवढा लाईट. त्याने लावला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ठेवूनच उभी राहिले. कोमट झाला, त्याहून जास्त तापला नाही. मागचा माणूस म्हणाला, आंटी, लवकर करा ना यार, इस्त्री घेताय का? दोघंतिघं हसले. मी हात काढला नाही.

दुकानदार म्हणाला, “एक सांगतो, मावशी, मग बोलू नका. याचा उजेड तळापर्यंत नीट पोचत नाही. आणि नेला की परत घेणार नाही.”

आता काय करायचं? पट्टी पुरत नव्हती, मोठा परवडत नव्हता, आणि हा पोचत नव्हता. मी दादाला फोन लावला. भर दुकानात, सगळ्यांसमोर. बसचा आवाज, दादाचा तुटक आवाज. मी ओरडून सांगितलं, छोटा आहे, खाली पोचत नाही म्हणतात. त्याने विचारलं, टाकी किती खोल? मी म्हटलं, वीत आणि वर चार बोटं. तो म्हणाला, “मग घ्या. फक्त दगड—” आणि फोन कटला. पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला, लागेना.

फक्त दगड काय? दगड काढा? दगड बदला? दुकानदार बोटांनी काउंटर वाजवत होता. लाईट अजून चालू होता. मी नुसतीच त्याच्याखाली हात धरला. जवळ धरला तर तळहात पांढरा फटक पडला, रेषा दिसेनात. खाली खाली नेला तसा उजेड पसरून विरळ झाला. परत वर नेला. तेव्हा डोक्यात आलं की लाईट खाली पोचत नसेल तर दगड वर आणता येईल. दादाला तेच म्हणायचं असेल असं वाटलं. नसेलही. पण मी पैसे काढून दिले.

घरी आल्यावर तुकडा टाकीत परत सोडला, एक काचेचा वाडगा आत पालथा घातला आणि त्यावर दगड ठेवला. लाईट काठाला लावला, दोन्ही नॉब अर्ध्याच्या खाली ठेवले. उपाशी माणसाला एकदम भरपेट जेवायला घालत नाहीत, त्या हिशेबाने.

रविवारी सकाळी मिस्टर उठले ते आधी वायरपाशी गेले. वायर काठावरून सरळ बोर्डात गेली होती. त्यांनी ती सोडली, मध्ये खाली लोंबती ठेवली आणि मग वर बोर्डात घातली, म्हणजे पाण्याचा थेंब वायरवरून ओघळला तर खालीच पडेल, बोर्डात जाणार नाही. माठ उचलून स्टुलावर ठेवला. मला वाटलं, चला, टाकी राहिली. पण ते टाकीत वाकून बघायला लागले आणि त्यांनी नाक दाबलं.

“वास येतोय,” ते म्हणाले. “मेलंय हे.”

वास येत होता. मलाही येत होता. दीर आला, त्यानेही बघितलं. आपला फोकस बाजूला पडला म्हणून तो थोडा घुश्शात होता, तरी भावाला म्हणाला, असू दे ना, उघडतील बटणं, दुकान उघडायलाही वेळ लागतो. मिस्टर म्हणाले, “मेलेल्याचं दुकान का रे?” आणि त्यांनी मोरीतली बादली घेतली.

मी कधी त्यांच्या आडवी गेलेली नाही. त्या वेळी गेले. म्हटलं, “अहो, थांबा. सडलेलं मी काढते. त्यातनं काही उरलं नाही तर मीच ओतते.”

हातमोजे घातले. टाकीतलं पाणी एका पातेल्यात घेतलं, दगड त्यात ठेवला आणि जुन्या दातांच्या ब्रशने हलके हलके घासायला लागले. ते दोघं बाजूला उभे. बटणं सुटून येत होती, एक एक नाही, गुच्छ गुच्छ. पाणी तपकिरी झालं. दगडाची एक बाजू पूर्ण उघडी पडली. मी घासतच होते, कारण थांबले असते तर त्यांनी बादली पुढे केली असती. दुसऱ्या बाजूला, खाचेत, काही बटणं ब्रशला येत नव्हती. कडक होती. मिटलेली, मळकट, पण कडक.

मी ब्रश ठेवला आणि बोटाच्या टोकाने त्यातल्या एकाला हलकंच लावलं. ते आणखी मिटलं. अगदी जरासं, पण आत ओढून घेतलं.

“बघा,” मी म्हटलं. “अजून मिटतंय.”

मिस्टर वाकले. मी दुसऱ्याला बोट लावलं. तेही आत गेलं. दीर म्हणाला, आयला, हो रे.  मिस्टरांनी आणखी वाकून त्या खाचेत बघितलं. मग बादली मोरीत नेऊन ठेवली आणि म्हणाले, “ठेव. वायरला मात्र ओला हात लावायचा नाही.”

दगड परत वाडग्यावर ठेवला. पाणी अर्धं बदललं. दादाचा फोन रात्री गावाहून आला, तो खरंच दगड वर घ्या असंच म्हणत होता. पण त्याने असंही सांगितलं की आता उघडतील की नाही ते सांगता येत नाही.

पुढचे दिवस मी कामावर जाताना लाईट लावायचे आणि दिवसभर अंधेरीला नव्या ऑफिसच्या लाद्या पुसताना मनात टाकीच असायची. शॉर्ट सर्किट झालं तर, पंप बंद पडला तर. संध्याकाळी दार उघडताना आधी वास घ्यायचे. वास कमी झाला होता. बटणं तशीच. मिस्टर विचारत नव्हते, आणि ते विचारत नाहीत याचीच मला भीती वाटायची.

मग एका सकाळी मी डबा भरत होते. मिस्टर अंघोळीला गेले होते. टाकीकडे बघितलं तर खाचेतल्या एका बटणाला कडेने झालर आली होती. दोन-चार केसांएवढी. मी चमचा हातात धरून तशीच उभी राहिले.  ते हळूहळू उघडलं, मध्ये फिकट, पहिल्यासारखं हिरवं नाही. त्याच्या शेजारचं अर्धं उघडलं. बाकीची मिटलेलीच होती.

मिस्टर बाहेर आले, मी नुसतं बोट दाखवलं. त्यांनी टॉवेल खांद्यावर टाकून बघितलं आणि विचारलं, “बाकीची?” मी म्हटलं, माहीत नाही.

बाकीची अजून माहीत नाहीत. त्यातली काही नंतर गेली, काही उघडली. दादा म्हणतो, उजेड आता थोडा थोडा वाढवा, एकदम वाढवलात तर जळतील, नाही वाढवलात तर उपाशी राहतील. किती ते मात्र त्यालाही नेमकं सांगता येत नाही. आज मी निळा नॉब केसभर पुढे सरकवला आणि टाकीसमोर पाट टाकून बसले. शेगडीवर भात होता, तो खाली लागल्याचा वास आला तरी उठले नाही. बटणांनी कडा आत घेतल्या असत्या तर नॉब लगेच मागे न्यायचा होता. त्यांनी घेतल्या नाहीत.